‘बाबा गावाला गेलेत’ म्हणण्याआधी

मार्केट यार्डात दिवस उजाडायच्या आधीच सुरू होतो. रात्रभर गावोगावहून आलेल्या गाड्या गाळ्यांसमोर लागतात, पहाटे हमालांच्या पाठीवरून पोती उतरतात, तोलणारांचे काटे हलू लागतात. बाकीचं पुणं पहिला चहा घेत असतं तेव्हा इथला बराचसा व्यवहार उरकलेला असतो. ज्या घरातली मोठी माणसं अशा वेळी कामावर असतात त्या घरातली मुलं आजीच्या, मावशीच्या नाहीतर शेजारणीच्या हातून उठतात आणि डबा घेऊन शाळेत जातात. समजा, आंबेडकरनगर किंवा प्रेमनगरच्या वस्तीतल्या अशाच एका सात वर्षांच्या मुलीच्या पोटात दर सोमवारी सकाळी दुखतं.

दवाखान्यात लघवी तपासली जाते, शौच तपासलं जातं, जंताचं औषध दिलं जातं. पोट हाताला मऊ लागतं, वजन ठीक असतं, रात्री झोपेतून उठवणारी कळ नसते. रविवारी दुखत नाही. जॉन ॲप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९५८ साली ब्रिस्टॉल भागातल्या हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात दहातल्या साधारण एकाला असं वारंवार पोट दुखत असल्याचं दिसलं, आणि अशा मुलांपैकी फारच थोड्यांच्या पोटात खरोखर काही आजार सापडला. म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. मेंदू आणि आतडी यांच्यात मज्जातंतूंची दोन्ही बाजूंनी सतत ये-जा असते, त्यामुळे मनावरचा ताण आतड्यांना कळतो आणि दुखतं ते खरंच दुखतं. सात वर्षांच्या मुलाला ‘मला भीती वाटते’ हे शब्द सापडत नाहीत. ‘पोटात दुखतं’ हे सापडतात.

मग डॉक्टर विचारतात, घरी कोण कोण असतं? आजी पटकन सांगते, ‘हिचा बाप गावाला गेलाय.’ मुलगी फरशीकडे बघते. बाप गावाला गेलेला नसतो. तो कात्रजला दुसरीकडे राहतो, आणि हे मुलीलाही ठाऊक असतं. फक्त तिला ठाऊक आहे, हे घरात कुणाला ठाऊक नसतं.

ही गोष्ट वस्तीतलीच आहे असं मानायचं कारण नाही. महर्षीनगरच्या किंवा सॅलिसबरी पार्कच्या फ्लॅटमध्ये ‘बाबा कामासाठी बंगलोरला आहेत’ एवढाच काय तो फरक.

कागदावर नसलेले घटस्फोट

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे साडेतेरा लाख माणसांनी स्वतःला घटस्फोटित म्हणून नोंदवलं. विभक्त, म्हणजे लग्न कायद्याने टिकून पण नवरा-बायको वेगळे राहतात, अशांची संख्या त्याच्या अडीचपटीहून जास्त होती. आपल्याकडे मोडलेल्या संसारांतले बरेचसे कोर्टाची पायरी चढतच नाहीत. ‘ती नांदत नाही’, ‘त्याने टाकली’, ‘माहेरी आहे सध्या’ या वाक्यांत ते मिटवले जातात. टाकलेल्या बायकांच्या प्रश्नावर १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, तेव्हा हा प्रश्न महाराष्ट्रात पहिल्यांदा मोठ्याने बोलला गेला. त्या बायकांच्या मुलांबद्दल मात्र अजूनही पोटगीच्या रकमेपलीकडे फारसं कुणी बोलत नाही.

पुण्यापुरतं बोलायचं तर १९८४ च्या कायद्यानुसार राज्यातलं पहिलं कौटुंबिक न्यायालय १९८९ साली इथेच सुरू झालं. तिथे विवाह समुपदेशक असतात, मुलांच्या भेटीगाठी ठरवून दिल्या जातात. ज्यांचा खटला तिथवर पोचतो त्यांच्या मुलांना निदान एका तिऱ्हाईत माणसाने ‘तुला काय वाटतं?’ असं विचारण्याची शक्यता तरी असते. ज्यांचा संसार कागदाशिवाय मोडतो त्यांच्या मुलांना तेवढीही नसते. त्यांना कुणी काही सांगतच नाही. सांगायचं कसं हे मोठ्यांनाच माहीत नसतं, आणि सांगितलं तर मूल रडेल याची भीती असते.

मूल रडेल, हे खरं आहे. पण न सांगितलेल्या गोष्टीच्या जागी मूल स्वतःची गोष्ट रचतं, आणि ती बहुतेक वेळा खऱ्या गोष्टीपेक्षा वाईट असते.

तीन ते सहा वर्षांच्या मुलाचं जग त्याच्याभोवतीच फिरतं. मी जोरात रडलो म्हणून पाऊस आला, असं त्याला मनापासून वाटू शकतं. तोच हिशेब ते इथेही लावतं. मी पेन्सिल हरवली, मी जेवलो नाही, मी आजीला उलटं बोललो, म्हणून बाबा गेले. मग ते अचानक फार शहाण्यासारखं वागू लागतं, किंवा सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, अंगठा तोंडात जातो, आई नजरेआड झाली की किंचाळतं. एक गेला तर दुसरीही जाऊ शकते, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. सहा ते आठच्या वयात दुःख दुःखासारखं दिसू लागतं आणि आईबाबा परत एकत्र येतील याची योजना डोक्यात तयार होते. मी आजारी पडलो की दोघं एकत्र येतात, हे एकदा दवाखान्यात दिसलं की पोटदुखीला आणखी एक कारण मिळतं. हे मूल ढोंग करत नसतं. नऊ-दहानंतर राग येतो, आणि कुणाची बाजू घ्यायची हा पेच सुरू होतो. ‘बाबांकडे मजा आली’ असं आईसमोर म्हणायची चोरी होते.

याचा अर्थ घटस्फोट म्हणजे मुलाचं आयुष्य संपलं असा नाही, आणि हे सांगायला हवं, कारण ‘मुलांसाठी’ म्हणून मारझोड सहन करत राहणाऱ्या बायकांना आपल्याकडे तोटा नाही. पॉल अमाटो आणि ब्रूस कीथ यांनी १९९१ साली ९२ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले. त्यांत तेरा हजारांवर मुलं होती. वेगळ्या झालेल्या आईबापांची मुलं अभ्यास, वागणूक, मनःस्वास्थ्य यांत मागे होती, पण सरासरी फरक लहान होता. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी अमेरिकेत अनेक वर्षं कुटुंबांचा पाठपुरावा केला. घटस्फोटित घरांतल्या सुमारे २५ टक्के मुलांना गंभीर अडचणी आल्या, एकत्र घरांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे धोका अडीच पट, हे खरं. चारातली तीन मुलं सावरतात, हेही तितकंच खरं. या साऱ्या संशोधनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आईबाप वेगळे होण्यापेक्षा मुलासमोर आणि मुलाला मध्ये घालून चालणारं त्यांचं भांडण जास्त नुकसान करतं.

अस्वलाला विचारता येतं

मुलाशी या विषयावर बोलायचं म्हटलं की मोठी माणसं त्याला समोर बसवतात. ‘हे बघ बाळा, तू आता मोठा झालास...’ इथेच बिघडतं. समोरासमोर, डोळ्यांत डोळे घालून बोलणं हे मुलाला ओरडा बसण्याच्या आधीचं वाटतं. चित्राचं पुस्तक दोघांच्या मध्ये आलं की दोघांची नजर पानावर जाते. बोलणं तिरकं होतं, आणि मुलं तिरकं चांगलं बोलतात. ‘तुला बाबांची आठवण येते का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर मिळतं. ‘या अस्वलाच्या पिल्लाला काय वाटत असेल गं?’ याला कधीकधी पाच मिनिटांचं उत्तर मिळतं, आणि त्यात अस्वलाला एक आजी असते जी खोटं बोलते.

पुस्तकाची आणखी एक सोय आहे जी माणसांकडे नसते. ते बंद करता येतं. जास्त झालं की मूल पान उलटतं, मागे जातं, ‘आता दुसरं वाच’ म्हणतं. किती दुःख एका वेळी घ्यायचं हे त्याच्या हातात राहतं. आणि तेच पुस्तक वीसदा वाचायचा हट्ट असतो तो यासाठीच. प्रत्येक वेळी थोडं थोडं पचतं. मोठ्यांना कंटाळा येतो, त्याला इलाज नाही.

पुस्तकांचा असा औषधासारखा उपयोग करण्याला इंग्रजीत ‘बिब्लिओथेरपी’ म्हणतात. सॅम्युएल क्रॉदर्स या अमेरिकन लेखकाने १९१६ साली एका काहीशा गमतीच्या लेखात हा शब्द वापरला, आणि पुढे लोकांनी तो गंभीरपणे घेतला. घटस्फोटाची चित्रपुस्तकं मात्र बरीच नंतर आली. मुलांच्या पुस्तकात घटस्फोट असावा की नाही यावरच वाद होता. जर्मन लेखक एरिख केस्टनरने १९४९ मध्ये आईबाप वेगळे झाल्यामुळे एकमेकींपासून तुटलेल्या जुळ्या बहिणींची कादंबरी लिहिली. हिंदीतला ‘दो कलियाँ’ (१९६८) हा त्याच बीजाचा सिनेमा. त्या गोष्टीतल्या मुली आईबाबांना पुन्हा एकत्र आणतात. सात वर्षांच्या प्रत्येक मुलाचं स्वप्न तेच असतं, म्हणून ती गोष्ट गाजली, आणि म्हणूनच नुकतं घर मोडलेल्या मुलाच्या हातात ती देताना विचार करावा.

१९८६ साली लॉरीन आणि मार्क ब्राउन या जोडप्याचं ‘डायनोसॉर्स डिव्होर्स’ आलं. त्यात हिरवे डायनोसॉर भांडतात, वेगळे होतात, मुलं दोन घरांत राहतात, सणवार कुठे करायचे यावर गोंधळ होतो, सावत्र भावंडं येतात. सगळं सरळ सांगितलेलं आहे. डायनोसॉर असल्यामुळे कुणालाच आपल्यावर बोट दाखवल्यासारखं वाटत नाही. २००१ चं क्लेअर मॅसुरेल यांचं ‘टू होम्स’ याच्या उलट फार शांत आहे. ॲलेक्स नावाच्या छोट्याला दोन खोल्या आहेत, दोन आवडत्या खुर्च्या आहेत, दोन दात घासायचे ब्रश आहेत. का वेगळे झाले, कोण चुकलं, यावर एक शब्द नाही. लहान मुलाला कारणमीमांसेपेक्षा ‘माझा ब्रश कुठे असेल?’ याचं उत्तर आधी हवं असतं, हे त्या लेखिकेने बरोबर ओळखलं आहे.

नुसतं पुस्तक देऊन भागत नाही

इथे एक अभ्यास मुद्दाम सांगायला हवा. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात शार्लीन वोल्चिक, आयर्विन सँडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ ते बारा वर्षांची मुलं असलेल्या २४० घटस्फोटित कुटुंबांचे गट केले. एका गटात आयांसाठी बैठका घेतल्या. मुलाचं ऐकून कसं घ्यायचं, शिस्त कशी लावायची, माजी नवऱ्याशी मुलासमोर कसं बोलायचं, अशा गोष्टी त्यांत होत्या. दुसऱ्या गटात आई आणि मूल दोघांसाठीही बैठका होत्या. तिसऱ्या गटाला घटस्फोटाशी जुळवून घेण्याबद्दलची पुस्तकं वाचायला घरी दिली. सहा वर्षांनी, २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आई आणि मूल दोघांच्या बैठका झालेल्या गटात त्या वर्षी मानसिक विकाराचं निदान झालेल्या मुलांचं प्रमाण ११ टक्के होतं. पुस्तकं घरी दिलेल्या गटात ते २३.५ टक्के होतं.

पुस्तकवाल्या गटात प्रमाण दुप्पट होतं. मग हा लेख कशासाठी, असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर असं की पुस्तक मुलाच्या हातात देऊन आपण मोबाईल उघडला तर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. पुस्तकाचं काम बोलणं सुरू करून देण्याचं आहे. पुढचं माणसांनीच करायचं असतं. आणि बोलत बोलत वाचण्याचा फायदा वेगळा तपासला गेला आहे. १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांच्या गटाने लहान मुलांच्या पालकांना पुस्तक वाचताना मध्ये थांबून प्रश्न विचारायला, मुलाचं वाक्य पकडून पुढे न्यायला शिकवलं. महिन्याभरात मुलांच्या बोलण्यात स्पष्ट फरक दिसला. तो अभ्यास भाषेचा होता, दुःखाचा नव्हता. पण ज्याला दुःखासाठी शब्द सापडत नाहीत त्या मुलाच्या बाबतीत भाषा हाच अर्धा इलाज आहे.

वाचायला कुणी शिकलेलंच असावं लागतं असंही नाही. मार्केटमध्ये कांदा निवडून दुपारी घरी आलेल्या आजीला अक्षर येत नसेल, चित्र तर येतं. उलट अक्षर न येणारी आजी जास्त प्रश्न विचारते. ‘ही बाई अशी का बसलीय? हे पोरगं कुणाचं? ह्याची आई कुठंय?’ हे प्रश्न कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय अगदी नेमके असतात.

मराठीत काय मिळतं

अप्पा बळवंत चौकात जाऊन ‘घटस्फोटावरचं लहान मुलांचं चित्रपुस्तक द्या’ म्हटलं तर दुकानदार बहुधा कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटाकडे बोट दाखवेल. मराठीत या विषयावर थेट बेतलेली चित्रपुस्तकं सहज हाताला लागत नाहीत. ज्या शहरात ज्योत्स्ना प्रकाशनासारख्या संस्थेची मुलांची पुस्तकं हौसेने घेतली जातात आणि ‘पालकनीती’सारखं मासिक वर्षानुवर्षं चालतं, तिथे ही उणीव खटकते. आपल्या चित्रपुस्तकांतलं घर अजूनही बहुतेक वेळा आई, बाबा, आजी, आजोबा आणि खिडकीत मांजर असंच असतं.

तरी अडून बसायचं कारण नाही. विषय तोच असायला हवा असा नियम नाही. पिल्लू हरवतं आणि सापडतं, घर बदलावं लागतं, नव्या शाळेत पहिला दिवस असतो, आजी गावी राहते आणि तिची आठवण येते, अशी कुठलीही चांगली गोष्ट इथे चालते. माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ तर चित्रं बघून बोलण्यासाठीच आहे. चित्रातलं कोण काय म्हणत असेल हे मुलाने ठरवायचं, आणि मूल ठरवतं त्यात त्याचं घर डोकावतंच. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीतली पुष्कळ चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, छापून घेता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं आजही स्वस्त आहेत.

खरी अडचण नसलेल्या पुस्तकांची नाही, असलेल्या गोष्टींची आहे. आपल्या मुलाला ‘सावत्र’ हा शब्द कळतो तो गोष्टींमधून, आणि त्या सगळ्या एकजात सावत्र आईला राक्षसीण करतात. हा शब्द संस्कृतातल्या ‘सापत्न’शी नातं सांगतो, त्याच्या मुळाशी सवत आहे. वर्तमानपत्रांत अर्थसंकल्प आला की ‘महाराष्ट्राला सापत्न वागणूक’ असा मथळा येतोच. सावत्र आईबरोबर राहणारं मूल तोही वाचतं.

ग्रिम बंधूंच्या गोष्टींची हकीकत या बाबतीत बघण्यासारखी आहे. १८१२ च्या त्यांच्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीला मारायला निघालेली बाई तिची सख्खी आई होती. हॅन्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडायला लावणारीही सख्खी आईच. मुलांच्या पुस्तकात आई इतकी दुष्ट बरी दिसत नाही म्हणून पुढच्या आवृत्त्यांत ग्रिम बंधूंनी तिला सावत्र केलं. म्हणजे जगभरच्या मुलांच्या मनात बसलेल्या दोन नामांकित सावत्र आया संपादकांनी नेमलेल्या आहेत.

आपल्याकडे ध्रुवाची गोष्ट आहे. सुरुची त्याला बापाच्या मांडीवरून उतरवते, तो रानात जातो, त्याला अढळपद मिळतं. ही गोष्ट सांगू नये असं नाही, पण सांगताना एक प्रश्न मुलाला विचारून बघावा. राजा उत्तानपाद त्या वेळी काय करत होता? तो गप्प बसला होता. हॅन्सेल-ग्रेटेलचा बापही बायकोचं ऐकतो. दशरथ दोन वर देऊन बसतो. सावत्र आईच्या गोष्टींतला सख्खा बाप सगळीकडे असाच मुका असतो आणि दोष मात्र बाईच्या वाट्याला जातो. सावत्र कुटुंबांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ हेच वेगळ्या भाषेत सांगतात. नव्या घरात पहिली काही वर्षं शिस्त लावणं, नाही म्हणणं, मुलाची बाजू समजून घेणं हे काम सख्ख्या आईने किंवा बापाने करायचं असतं. नव्याने आलेल्या माणसाने आधी ओळख वाढवायची. हा क्रम उलटा झाला की ती गोष्टीतली सुरुची होते, मग ती मुळात कितीही चांगली असो.

पाठकोऱ्या कागदांचं पुस्तक

ज्या घराला बाजारातलं एकही पुस्तक लागू पडत नाही त्या घराने स्वतःचं करावं. पाठकोरे कागद दुमडून मध्ये दोऱ्याने टाचले की आठ पानं होतात. चित्रं मुलाने काढायची, मोठ्यांनी मुलाच्या सांगण्याप्रमाणे खाली एकेक ओळ लिहायची. पहिल्या पानावर मूल स्वतः. मग दोन घरं, प्रत्येक घरात कोण कोण राहतं, मूल तिथे कुठे झोपतं. एका पानावर ज्या गोष्टी बदलल्या त्या, आणि एका पानावर ज्या बदलल्या नाहीत त्या. शाळा तीच, बाई त्याच, आजीच्या हातची भाकरी तीच, मोती कुत्रा तोच. हे न बदललेल्या गोष्टींचं पान सर्वांत महत्त्वाचं, आणि मुलं त्याच पानावर जास्त वेळ घालवतात. एक पान आठवड्याचं. सोमवार ते शनिवार कोण शाळेतून आणणार, रविवार कुणाकडे. सोमवारच्या पोटदुखीचं मूळ कधीकधी एवढंच असतं की रविवारी संध्याकाळी ‘परत कधी?’ हे कुणी नीट सांगितलेलं नसतं.

एक पान असं हवं की ज्यावर स्पष्ट लिहिलेलं आहे, हे माझ्यामुळे झालं नाही. साध्या शब्दांत: ‘आई आणि बाबांचं एकमेकांशी पटलं नाही. ते मोठ्या माणसांचं भांडण होतं. मी काही केलं म्हणून झालं नाही. मी काही केलं म्हणून ते परत एकत्रही येणार नाहीत.’ शेवटचं वाक्य कठोर वाटतं. ते वगळलं तर मूल प्रयत्न करत राहतं, आणि त्याच्या प्रयत्नात ताप, पोटदुखी, शाळेतली मारामारी हे सगळं येतं.

खोटं मात्र काही लिहू नये. जो बाप दोन वर्षांत फिरकला नाही त्याच्याबद्दल ‘बाबांचं तुझ्यावर खूप प्रेम आहे’ असं लिहिलं तर मूल प्रेमाचा अर्थच चुकीचा शिकेल. ‘बाबा कधी येतील मला माहीत नाही. मी इथे आहे’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे. जिथे मारहाण होती तिथे ‘आईला आणि मला तिथे सुरक्षित नव्हतं’ हेही लिहिता येतं. आणि पुस्तक हे शस्त्र नव्हे. ‘बघ, या गोष्टीतल्या उंदराच्या बापानेही असंच केलं’ असा टोमणा एकदा मारला की मूल ते पुस्तक पुन्हा हातात घेत नाही. बाबांकडून परत आल्यावर पुस्तक उघडून ‘तिकडे कोण होतं? काय खाल्लं? ती बाई होती का?’ अशी उलटतपासणी घेणंही त्यातलंच.

नव्या माणसाला काय म्हणायचं हा प्रश्न मोठ्यांना वाटतो त्याहून मोठा असतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ‘आता यांना बाबा म्हणायचं’ असा हुकूम निघतो. मुलाला वाटतं, बाबा म्हटलं तर पहिले बाबा पुसले जातील. ‘काका’ चालतं, नुसतं नाव आणि पुढे ‘मामा’ चालतं, काही घरांत मुलंच मधलं काहीतरी शोधून काढतात. सावत्र कुटुंब घडायला महिने नाही, वर्षं लागतात. हेदरिंग्टन यांच्या अंदाजाने पाच ते सात. पहिल्या दिवाळीच्या फोटोत सगळे हसले नाहीत म्हणून धीर सोडायचं कारण नाही.

हे सगळं आपल्याला नवीन आहे अशातलाही भाग नाही. काडीमोड आणि पाट हे दोन्ही शब्द मराठीत फार जुने आहेत, अनेक जातींत दुसरं घर करणं रीतीचंच होतं. पांढरपेशांतलं उदाहरण हवं तर धोंडो केशव कर्वे यांनी पहिली पत्नी राधाबाई गेल्यावर १८९३ मध्ये गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा घरात अकरा वर्षांचा रघुनाथ होता. विधवाविवाह म्हणून या लग्नावर शंभर वर्षं लिहिलं गेलं. अकरा वर्षांच्या मुलाच्या घरात आलेली सावत्र आई म्हणून त्याकडे क्वचितच पाहिलं गेलं.

कायद्यालाही ही मुलं अलीकडे दिसू लागली आहेत. एका प्रकरणात मुलाच्या कागदपत्रांवर आईच्या दुसऱ्या पतीचं नाव ‘सावत्र वडील’ म्हणून लावा, असा उच्च न्यायालयाने दिलेला आदेश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये रद्द केला. असं नाव लावणं हे जवळजवळ क्रूरपणाचं आहे आणि मुलाच्या मानसिक आरोग्याचा, आत्मसन्मानाचा त्यात विचार नाही, असं न्यायालय म्हणालं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं. या मुलांचे शाळाप्रवेश सुरू होतील तेव्हा वर्गात मोठ्याने हजेरी घेणाऱ्या बाईंनी ‘वडिलांचं नाव काय रे?’ हा प्रश्न चारचौघांत विचारायचं टाळलं तरी बरंच काम होईल.

पुस्तक पुरत नाही तेव्हा

पोटदुखीबरोबर वजन घटत असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल, उलट्या, ताप किंवा शौचात रक्त असेल तर कारण घरात शोधत बसू नये, आधी पोट नीट तपासून घ्यावं. पोट ठीक आहे, पण महिना-दोन महिने मूल खेळायला जात नाही, झोप उडाली आहे, अभ्यासात एकदम घसरलं आहे, स्वतःला इजा करतं किंवा ‘मी मेलो तर बरं’ असं काही बोलतं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. शेवटचं वाक्य एकदाच म्हटलं असलं तरी त्याच दिवशी न्यावं. ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे आणि त्यासाठी खिशात फार पैसे लागत नाहीत. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट आणि मराठीत बोलता येतं. मुलाला मारहाण होत असेल, कुणी नको तिथे हात लावत असेल, तर चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. नवं माणूस घरात आल्यावर एखादं मूल त्याच्याजवळ जायला घाबरत असेल तर ‘सावत्र म्हणून रुसलंय’ असं समजून सोडून देऊ नये. आधी त्याचं ऐकावं.

राहता राहिलं ते घरी केलेलं पुस्तक. ते एकाच घरात ठेवलं की दुसऱ्या घराला त्याचा संशय येतो. फोटोकॉपीच्या दुकानात आठ पानांना काही रुपये लागतात. एक प्रत इकडे राहू द्यावी, एक तिकडे, आणि मूळ प्रत मुलाच्या दप्तरात, कारण ती त्याची आहे. रविवारी संध्याकाळी त्याने ती उघडून आठवड्याच्या पानावर बोट ठेवलं, तर परत कधी जायचं ते त्याच्यासमोर मोठ्याने वाचावं. बेत बदलला असेल तर आधी फोन करून विचारावं आणि मगच खोडावं.